बिजागऱ्यांसाठी सेल्फ-सेंटरिंग ड्रिल बिट कसे निवडावे?

सुतारकाम_शिकाऊ यांचा प्रश्न

नमस्कार. सध्या मी सागवानाच्या एका कपाटाचे काम करतो आहे. कपाटाला सहा दारे आहेत आणि प्रत्येक दाराला दोन याप्रमाणे बारा पितळी बिजागऱ्या खाच घेऊन बसवायच्या आहेत. बिजागरीच्या एका पानाला तीन भोके आहेत, म्हणजे एकूण ७२ स्क्रू झाले. पहिल्या दोन दारांचे स्क्रू मी नेहमीच्या पद्धतीने बसवले: पान खाचेत ठेवून भोकांतून पेन्सिलीने खुणा केल्या, टोच्याने मध्य टोचला आणि साध्या ड्रिलने भोके पाडली. खाचा मनासारख्या जमल्या होत्या आणि नुसते ठेवले असता पान कुठेही हलत नव्हते. मात्र स्क्रू शेवटचा अर्धा फेरा घट्ट होत असताना पान खाचेच्या मागच्या भिंतीपासून सुटून पुढे सरकले, आणि त्यामुळे दार चौकटीच्या जवळजवळ एक मिलिमीटर बाहेर राहिले. एका स्क्रूचे डोके तर तिरपे बसले आणि त्याने पितळेवर चरा पाडला. स्क्रू काढून पाहिल्यावर कारण लक्षात आले. माझी खूण मध्यावर होती, पण ड्रिलचे टोक लाकडाच्या वार्षिक वलयांमधल्या मऊ पट्ट्याकडे घसरले होते.

म्हणून मी सेल्फ-सेंटरिंग बिटचा, म्हणजे बाहेरच्या नळीच्या आधाराने आपोआप मध्य साधणाऱ्या ड्रिलचा, तीन नगांचा संच आणला. त्यावर ६, ८ आणि १० असे आकडे आहेत. व्हर्नियरने मोजल्यावर आतल्या ड्रिलचा व्यास अनुक्रमे साधारण २, २.८ आणि ३.६ मि.मी. भरतो. माझ्या स्क्रूचा आट्यांवरून मोजलेला व्यास ३.५ मि.मी., डोक्याचा व्यास ७ मि.मी.च्या आसपास आणि लांबी २० मि.मी. आहे. माझ्या शंका पुढीलप्रमाणे आहेत. साडेतीन मिलिमीटरच्या स्क्रूला सागवानात दोन मिलिमीटरचे भोक पुरेल का, की मधल्या आकाराचा बिट वापरावा? मधल्या बिटचे तोंडही बिजागरीच्या भोकात बसल्यासारखे वाटते, तेव्हा बाहेरच्या नळीच्या आकाराने काही फरक पडतो का? आणि तिसरी शंका मला सर्वांत जास्त सतावते आहे: याच संचातला लहान बिट टाकाऊ तुकड्यावर वापरून पाहिला, तरी सहापैकी चार भोके मध्यापासून सरकलेली निघाली. जे साधन मध्य साधण्यासाठीच बनवले आहे त्याच्याकडून असे का व्हावे?

चौकट_आणि_दार यांचे उत्तर

आपला प्रश्न मोजमापांसह आला, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिच्यात बाकीच्या दोन्ही शंका येतात.

या बिटची रचना अशी असते: मध्ये साधा ड्रिल, त्याच्याभोवती स्प्रिंगवर मागे सरकणारी नळी आणि नळीचे तोंड निमुळते. बिजागरीच्या भोकाला स्क्रूचे डोके बसण्यासाठी जो उतार दिलेला असतो, म्हणजे ज्याला आपण काउंटरसिंक म्हणतो, त्या उतारात नळीचे निमुळते तोंड टेकते. दाब दिला की नळी मागे जाते आणि ड्रिल तिच्या मधोमध पुढे येऊन लाकडात उतरतो. याचा अर्थ हा बिट लाकडावर तुम्ही केलेली खूण शोधत नाही, तो बिजागरीच्या उताराचा मध्य शोधतो. बिजागरी जिथे आहे तिथलीच जागा तो जशीच्या तशी लाकडावर उतरवतो. बिजागरी अर्धा मिलिमीटर सरकलेली असेल, तर भोकही अर्धा मिलिमीटर सरकूनच पडेल. म्हणून पहिली चौकशी बिटची नाही, तर भोके पाडताना बिजागरी कशाने धरली होती याची करायला हवी. बोटाने दाबून धरलेले पान ड्रिलच्या दाबाखाली हमखास हलते. पानाच्या मागे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पातळ टेपचा तुकडा लावा किंवा क्लॅम्पने पान जागेवर आवळा. खाच घट्ट असेल तर तिचाही आधार मिळतो, पण टाकाऊ तुकड्यावर चाचणी करताना आपण बहुधा खाच घेतलीच नसेल.

आता आकाराविषयी. संचावरचे ६, ८, १० हे आकडे ड्रिलचे नसून ज्या स्क्रूसाठी तो बिट आहे त्या स्क्रूचे क्रमांक आहेत. सहा क्रमांकाचा स्क्रू साधारण ३.५ मि.मी., आठचा ४.२ मि.मी. आणि दहाचा ४.८ मि.मी. व्यासाचा असतो. आपले स्क्रू साडेतीनचे आहेत, डोकेही त्याच मापाचे आहे, त्यामुळे सहा क्रमांकाचाच बिट योग्य. मधला बिट भोकात बसल्यासारखा वाटतो, परंतु बसणे आणि टेकणे यांत फरक आहे. नळीचे तोंड बिजागरीच्या आरपार भोकापेक्षा मोठे आणि उताराच्या वरच्या कडेपेक्षा लहान असावे लागते, तरच ते उतारावर सर्व बाजूंनी सारखे टेकते. तोंड त्याहून लहान असले तर ते भोकातून खाली जाऊन थेट लाकडावर टेकते आणि भोकात इकडेतिकडे खेळते. तोंड मोठे असले तर ते उताराच्या वरच्या कडेवरच अडते आणि पान जरा हलले तरी मध्य सोडते. ड्रिल सुरू न करता बिट हातात घेऊन भोकात टेकवा, हलका दाब द्या आणि शेंडा बाजूंना हलवून पाहा. योग्य आकाराचा बिट पानासकट हलेल, पण पानात हलणार नाही. एवढी एक परीक्षा कोणत्याही तक्त्यापेक्षा जास्त भरवशाची आहे, कारण एकाच क्रमांकाच्या स्क्रूसाठी बनवलेल्या दोन बिजागऱ्यांचे उतार नेहमी सारखे नसतात. मेट्रिक स्क्रूचे डोके साधारणतः ९० अंशांच्या कोनाचे असते आणि इंची स्क्रूचे ८२ अंशांचे, हेही त्यामागचे एक कारण.

दोन मिलिमीटरचे भोक पुरेल का, याचे उत्तर लाकडावर अवलंबून आहे. पायलट होल, म्हणजे स्क्रूसाठी आधी पाडायचे बारीक भोक, किती घ्यायचे हे स्क्रूच्या बाहेरच्या व्यासावरून ठरत नाही, आट्यांच्या आतल्या गाभ्यावरून ठरते. साडेतीन मिलिमीटरच्या लाकडी स्क्रूचा गाभा साधारण अडीच मिलिमीटरचा असतो. पाइनसारख्या मऊ लाकडात दोन मिलिमीटरच्या भोकात स्क्रू छान पकड घेतो. सागवानात तो जाईल, पण जोर लावावा लागेल. शिसवीसारख्या कठीण लाकडात पितळी स्क्रू त्या भोकात मोडण्याचीच शक्यता अधिक. माझी पद्धत अशी आहे की सेल्फ-सेंटरिंग बिट मी फक्त सुरुवातीसाठी वापरतो. त्याने चार-पाच मिलिमीटर खोल भोक पाडले की त्याचे काम संपले. नंतर बिजागरी उचलून, त्याच भोकात गाभ्याच्या मापाचा साधा ड्रिल घालून पूर्ण खोली घेतो. लहान भोकात मोठा ड्रिल आपोआप मध्यावरच चालतो, त्यामुळे मध्यही साधतो आणि व्यासही लाकडाला साजेसा मिळतो. बहात्तर भोके दोनदा पाडणे कंटाळवाणे वाटेल, परंतु मोडलेला एक स्क्रू काढायला जितका वेळ जातो तितक्यात एका दाराची सगळी भोके दोनदा पाडून होतात.

खोलीसाठी बिटच्या आतल्या ड्रिलकडे लक्ष द्या. बऱ्याच बिटमध्ये तो एका बारीक ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) धरलेला असतो आणि मागेपुढे करता येतो. नळी पूर्ण मागे दाबून ड्रिल किती बाहेर येतो ते पट्टीवर मोजा. आपला स्क्रू २० मि.मी.चा आणि पान दोन मिलिमीटर जाडीचे असेल, तर लाकडात अठरा मिलिमीटर जाणार. दाराच्या कडेत एवढी खोली सहज मिळते, पण कपाटाच्या बाजूच्या फळीत बिजागरी सपाट पृष्ठावर बसणार असेल आणि फळी १८ मि.मी.ची असेल, तर टोक पलीकडे निघेल. तो ग्रब स्क्रू कामाच्या मध्येही तपासत राहा. तो सैल झाला की ड्रिल मागे सरकत जातो आणि प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा उथळ होत जाते. हे पटकन लक्षातही येत नाही.

शेवटी चालवण्याबद्दल. आधी नळी उतारात टेकवा, बिट पानाला काटकोनात आहे हे दोन बाजूंनी पाहा, मग ड्रिल सुरू करा आणि नंतर दाब द्या. फिरता बिट भोकावर आणला तर तोंड उतारावर घासते आणि पितळेवर गोल ओरखडा उठतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर या कामाला वापरू नका. दोन मिलिमीटरचा ड्रिल त्याच्या ठोक्यांनी तुटतो.

रंधा_आणि_पटाशी यांचे उत्तर

वरच्या उत्तरातील बहुतेक सर्व गोष्टींशी मी सहमत आहे. तरीही खाच घेऊन बसवायच्या बिजागऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण प्रश्नकर्त्याच्या अडचणीचे मूळ तिथेच आहे आणि भोके अगदी मध्यावर पाडल्याने ती पूर्ण सुटतेच असे नाही.

स्क्रूचे डोके उतरते असते आणि भोकाची कडही उतरती असते. डोके मध्यावर नसले, तर ते उताराच्या एका बाजूला आधी टेकते आणि घट्ट होताना पानाला स्वतःच्या मध्याकडे ओढून घेते. म्हणजे लाकडातले भोक ज्या बाजूला सरकलेले असेल, पान त्याच बाजूला सरकते. आपले पान पुढे आले याचा अर्थ आपली भोके पुढच्या बाजूला घसरली होती. हातकाम करणारे कारागीर हाच गुणधर्म मुद्दाम वापरतात. ते भोक अगदी केसभर, पाव मिलिमीटरच्या आसपास, खाचेच्या मागच्या भिंतीकडे घेतात. स्क्रू आवळला की पान स्वतःहून भिंतीला जाऊन भिडते आणि खाच किंचित सैल झाली असली तरी फट दिसत नाही. सेल्फ-सेंटरिंग बिट हे करू देत नाही, कारण त्याला मध्यच तेवढा माहीत असतो. खाच काटेकोर असेल तर मध्य पुरेसा आहे आणि बिटने काम झपाट्याने होते. खाच जरा मोठी झाली असेल तर मी बिट बाजूला ठेवतो, टोच्या हातात घेतो आणि त्याचे टोक भोकाच्या मागच्या कडेला टेकवूनच खूण करतो. बिट वापरायचाच असेल तर आधी पान मागच्या भिंतीला बोटाने घट्ट सारून टेपने चिकटवावे. निदान ते जिथे असायला हवे तिथे असताना भोक पडेल.

ड्रिल मऊ पट्ट्याकडे घसरतो याबद्दल आपले निरीक्षण बरोबर आहे. सागवानाच्या वलयात सुरुवातीचा भाग सच्छिद्र आणि मऊ असतो, नंतरचा घट्ट असतो. बोथट ड्रिल त्या दोहोंच्या सीमेवर ठेवला तर तो मऊ भागात शिरणारच. नळीचा आधार असला तरी दोन मिलिमीटरचा ड्रिल वाकतो, म्हणून हा दोष सेल्फ-सेंटरिंग बिटनेही शंभर टक्के जात नाही. टोच्याचे टोक चौकोनी असेल तर ते तंतू कापते, तर गोल टोक त्यांना नुसते बाजूला सारते. चौकोनी टोचा तिथेच अर्धा वळसा देऊन फिरवला की ड्रिलला स्वतःची जागा मिळते. ड्रिलला धार लावणे किंवा तो बदलणे हाही उपाय आहेच, आणि संचातले ड्रिल बदलता येतात हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

पितळी स्क्रूसाठी आणखी एक विनंती. ते थेट लाकडात घालू नका. त्याच मापाचा, त्याच आट्यांचा लोखंडी स्क्रू आधी प्रत्येक भोकात पूर्ण घालून काढा, आणि आटे तयार झाल्यावर पितळी स्क्रू मेण लावून बसवा. साबण लावण्याची सवय पुष्कळांना आहे, पण साबण ओल धरतो, मेण बरे. पितळी स्क्रूचे डोके तुटून गाभा लाकडात राहिला, तर तो काढताना खाचेची कड शाबूत राहणे फार कठीण असते.

मॉड्युलर_काम यांचे उत्तर

माझा अनुभव वेगळ्या प्रकारच्या बिजागऱ्यांचा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. ३५ मि.मी. कपाच्या छुप्या बिजागऱ्यांची प्लेट कपाटाच्या आत बसवताना हा बिट फार उपयोगी पडतो, मात्र प्लेटला असलेल्या लांबट भोकांत तो फसवतो. त्या भोकांचा उतार दोन लांब बाजूंना असतो. नळी रुंदीच्या दिशेने मध्य साधते, पण लांबीच्या दिशेने तिला कोणी अडवत नाही, त्यामुळे ती जिथे टेकवाल तिथे भोक पडते. लांबट भोकात आधी पेन्सिलीने मधली रेघ मारून घ्या आणि त्या रेघेवर बिट टेकवा. पहिले दोन स्क्रू लांबट भोकांत घालून दार जुळवून घ्यावे आणि जुळल्यावरच गोल भोकांत कायमचे स्क्रू घालावेत. ज्या प्लेटना जाड युरो स्क्रू लागतात, त्यांच्यासाठी लाकडात ५ मि.मी.ची भोके पाडावी लागतात आणि त्यासाठी पाच मिलिमीटरचा वेगळा सेल्फ-सेंटरिंग बिट मिळतो. हिंजचा लहान बिट तिथे घालून नंतर भोक मोठे करण्यात अर्थ नाही, कारण त्या प्लेटच्या भोकांना बहुधा त्याच्या तोंडाजोगा उतारच नसतो.

पियानो हिंज, म्हणजे दाराच्या पूर्ण लांबीची बिजागरी बसवत असाल, तर दोन टोकांची आणि मधले एक अशी तीनच भोके आधी पाडा. एका टोकापासून सुरू करून ओळीने पाडत गेलात, तर प्रत्येक स्क्रूगणिक बारीकसा फरक साचत जातो आणि दुसऱ्या टोकाला पट्टी फुगते.

सुतारकाम_शिकाऊ यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आपण सुचवल्याप्रमाणे आज सकाळी पुन्हा चाचणी घेतली. टाकाऊ तुकड्यात या वेळी खाच घेतली, पान मागच्या भिंतीला सारून टेपने चिकटवले आणि सहा क्रमांकाचा बिट आधी टेकवून मग सुरू केला. तरीही तीनपैकी दोन भोके सरकली. मात्र आता सरकण्याची दिशा स्पष्ट दिसली: दोन्ही भोके पिनेच्या गोल भागापासून दूर, एकाच बाजूला सरकली होती आणि मधले भोक अचूक होते. या बिजागरीच्या पानावर तीन भोके एका रेषेत नाहीत. मधले भोक पानाच्या मोकळ्या कडेजवळ आहे आणि बाजूची दोन पिनेच्या जवळ. बिट टेकवून डोळ्याच्या पातळीवर आणून पाहिले तेव्हा कारण सापडले. नळीचे निमुळते तोंड भोकात जाते, पण त्याच्या वरचा जाड भाग पिनेच्या फुगीर भागावर अडतो आणि संपूर्ण बिट एका बाजूला कलतो. कागदाची पातळ पट्टी मध्ये घातली तर ती तिथे अडकून बसली. जाड भागाचा व्यास मोजला, तो १० मि.मी. भरला, भोकाच्या मध्यापासून पिनेच्या फुगीर भागाच्या कडेपर्यंतचे अंतर मात्र चार मिलिमीटरच आहे.

म्हणजे दोष बिटचा नव्हता आणि माझ्या हाताचाही नव्हता. हा बिट या बिजागरीच्या त्या दोन भोकांसाठी जाड आहे. आता त्या भोकांचे काय करावे? आणि पहिल्या दोन दारांत जी बारा-बारा भोके चुकून पडली आहेत, त्यांना काही उपाय आहे का? ती नव्या भोकांपासून इतकी जवळ आहेत की ड्रिल पुन्हा जुन्या भोकातच घसरतो.

चौकट_आणि_दार यांचे उत्तर

आपण कागदाची पट्टी घालून पाहिली हे फार चांगले केलेत. नळीच्या जाड भागाची त्रिज्या पाच मिलिमीटर आणि मोकळी जागा चार मिलिमीटर, तेव्हा बिट सरळ उभा राहणे शक्यच नव्हते. ही तपासणी माझ्या पहिल्या उत्तरात यायला हवी होती. लहान बिजागऱ्यांसाठी बिट घेताना नळीचा जाड भाग किती रुंद आहे हे क्रमांकाइतकेच महत्त्वाचे असते, आणि बारीक अंगाची नळी असलेले बिटही असतात.

सध्याच्या बिटवरच काम भागवायचे असेल तर त्या दोन भोकांसाठी जुनी रीत वापरा. बिजागरीच्या आरपार भोकात जेमतेम बसेल असा साधा ड्रिल घ्या. आपल्या बिजागरीला तो बहुधा ३.५ ते ४ मि.मी.चा असेल. तो मशीनला न लावता बोटांनी धरून भोकात उभा घाला आणि दोन-तीन वेढे फिरवा. लाकडावर त्याच्या टोकाची छोटी, गोल खळी उमटते, आणि ड्रिल भोकात खेळत नसल्यामुळे ती मध्यावरच असते. मग पान उचलून त्या खळीत बारीक ड्रिल टेकवून पायलट होल पाडा. बारीक ड्रिलच्या टोकाला मध्य आयता मिळतो. या रीतीत एक पथ्य आहे: ती भोकाचा मध्य घेते, उताराचा नव्हे. काही दाबून बनवलेल्या पातळ बिजागऱ्यांत उतार आणि भोक एकमेकांच्या मध्यावर नसतात. तशी बिजागरी हाताशी आली, तर स्क्रूचे डोके उतारावर बसणार आहे हे लक्षात ठेवून उतारालाच प्रमाण मानावे. सेल्फ-सेंटरिंग बिट अशा बिजागरीत भोकाच्या धातूच्या कडेला घासतो आणि ड्रिलची धार जाते, म्हणून आधी ते भोक कानशीने मोकळे करून घ्यावे.

चुकलेली भोके नुसती काडी आणि गोंद घालून बुजवू नका. काडी एका बाजूला दबते आणि नवा स्क्रू जुन्याच वाटेने जातो. ६ किंवा ८ मि.मी.चे स्वच्छ भोक पाडून जुनी जागा पूर्ण काढून टाका आणि त्यात सागवानाचाच प्लग, म्हणजे लाकडाचे गोल बूच, गोंद लावून बसवा. बाजारात मिळणारा गोल दांडा वापरला तर त्याचे तंतू स्क्रूच्या दिशेनेच उभे राहतात आणि अशा टोकाकडच्या तंतूंत स्क्रूची पकड कमकुवत असते. प्लग कटरने फळीच्या सपाट पृष्ठातून काढलेल्या प्लगचे तंतू आडवे असतात. बसवताना ते दाराच्या तंतूंना समांतर ठेवा. गोंद पूर्ण वाळू द्या, एक रात्र तरी. मग प्लग पटाशीने खाचेच्या तळाशी सपाट करा आणि जणू नवीच खाच आहे असे समजून पुढचे काम करा.

रंधा_आणि_पटाशी यांचे उत्तर

एक भर घालतो. प्लग सपाट करताना पटाशीची सपाट बाजू खाचेच्या तळाला टेकवून चालवा आणि प्लगचे तंतू कोणत्या दिशेला चढतात ते पाहून त्या दिशेनेच कापा. उलट दिशेने कापले तर प्लग तळाच्या खाली चिरतो आणि पानाखाली पोकळी राहते. पोकळीवर आवळलेले पान वाकते आणि दार मिटताना पिन करकरते.

बिटच्या निगेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. सागवान तेलकट असते. त्याचा भुसा ड्रिलच्या चरांत आणि नळीच्या आत दाबून बसतो, नळी परत पुढे येत नाही आणि ड्रिल तापतो. दोन-तीन मिलिमीटर खाली जाऊन बिट फिरता ठेवूनच वर घ्या, भुसा झटकू द्या आणि मग पुन्हा उतरा. दहा-बारा भोकांनंतर नळी दाबून धरा आणि कोरड्या ब्रशने आतली घाण काढा. राळेचा थर जमला असेल तर टर्पेंटाइनने पुसा. तेल मात्र घालू नका. ते पुढच्या भोकाच्या कडेला लाकडात शोषले जाते आणि पॉलिश लावल्यावर तिथे डाग उठतो.

सुतारकाम_शिकाऊ यांचे उत्तर

तिसरे दार आज बसवले. मधल्या भोकांसाठी सहा क्रमांकाचा बिट, पिनेजवळच्या भोकांसाठी बोटांनी फिरवलेला ड्रिल, नंतर सर्व भोकांत २.५ मि.मी.चा साधा ड्रिल, मग लोखंडी स्क्रू आणि शेवटी मेण लावून पितळी स्क्रू, या क्रमाने गेलो. पान कुठेही सरकले नाही. बाराही स्क्रूंची डोकी उतारात सपाट बसली आणि दार चौकटीच्या पातळीत मिटते. पहिल्या दोन दारांतले प्लग आज संध्याकाळी गोंद लावून बसवले आहेत. उद्या ते सपाट करून नव्याने भोके पाडीन.